दर पाच मिनिटांनी तीन ठोके

"दोघंही धड आहात ना रे?" मुकादमाने नळीला तोंड लावून विचारलं.

खालून आवाज आला, "मी आहे."

मनगटाएवढी ती लोखंडी नळी हवेसाठी बसवलेली होती; तशीच दुसरी वीस पावलांवर होती. तिच्या खाली, तीन पुरुष खोल खंदकात, सिमेंटचा मोठा पाइप टाकलेला. त्याचे सांधे आतून भरायला सकाळी दोघं उतरले होते, अबोल्या आणि त्याचा मेहुणा. साडेआठला खंदकाची कड ढासळली आणि पाइपाची दोन्ही तोंडं मातीखाली गेली. मुकादमाने आदल्या दिवशीच तिथले टेकू काढले होते. काम वेळेत संपवायचं होतं ना! टेकू कुठे गेले हे अजून कुणी विचारलं नव्हतं, पण मुकादमाला स्वतःच्या तोंडात सारखी मातीची चव येत होती.

यंत्र लावावं तर उरलेली कडही खाली यायची. म्हणून वीस जण फावड्यांनी उपसत होते. इंजिनिअरबाई म्हणाल्या, संध्याकाळ होईल.

"पाय कुठे आहे तुझा?" डॉक्टरांनी नळीतून अबोल्याला विचारलं.

"दगडाखाली. दुखायचा थांबलाय."

डॉक्टरांनी मुकादमाला बाजूला घेतलं. "रक्त गेलेलं असणार. झोपला तर उठायचा नाही. काही करून जागा ठेवा."

माणसांकडून काम काढून घेण्यात मुकादमाचा हात धरणारा कुणी नव्हता. तीस वर्षांत त्याने एकच विद्या कमावली होती. कुणाला शाबासकी लागते, कुणाला शिवी, कुणाला नुसता चहा. नाडी सापडली की माणूस पळतो, असं तो नव्या मुकादमांना मिशीवरून हात फिरवत सांगायचा.

त्याने सगळं करून पाहिलं. महिनाभर सुट्टी देऊ केली. बायको कुंपणापाशी उभी आहे म्हणून सांगितलं. मग ठेवणीतल्या शिव्या काढल्या.

"जाऊ द्या मुकादम," अबोल्या म्हणाला. "डोळे मिटतायत. बरं वाटतंय."

मुकादम नळीपाशीच मटकन बसला. "बाई, सांगून ठेवतो," तो म्हणाला, "हा गेला तर मी याच खड्ड्यात उडी घेणार. मला कुणी धरू नका."

"काहीतरीच काय बोलता!" बाई ओरडल्या. पण त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या नि खड्ड्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

आणि तेव्हाच मुकादमाला नाडी सापडली. मेहुणा! तो एक नंबरचा कामचुकार, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. त्याच्या वाटचे निम्मे सांधे अबोल्याच भरायचा. दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडायचा आणि जेवायच्या सुट्टीत आपल्या डब्यातलं त्याला वाढायचा. मेहुण्याचा सकाळपासून आवाज नव्हता. तो पलीकडच्या टोकाला मातीखाली गेला असणार, हे मुकादम मनातून ओळखून होता.

"अरे ऐक!" तो नळीत ओरडला. "तुझा मेहुणा सापडला! मातीच्या ढिगापलीकडे आहे, पाइपातच. जिवंत आहे!"

त्याने नळीला कान लावला.

"ऐकलंस का?"

"जिवंत आहे म्हणता?"

"माझ्या गळ्याची शपथ! पण त्याने हातपाय गाळलेत. आमचं ऐकत नाही. तुझं ऐकेल. थापीने नळीवर तीन ठोके दे. दर पाच मिनिटांनी. तू थांबलास तर तो संपलाच समज."

मुकादमाच्या कपाळावरून घाम नळीत ठिबकत होता.

"तुम्ही जेवलात का, मुकादम?"

"माझं सोड! वाजवतोस ना?"

"वाजवतो," अबोल्या म्हणाला. "पण उत्तर तुम्ही स्वतः ऐका. दुसऱ्या कुणाला कान लावायला बसवू नका. नळी सोडायची नाही."

"नाही सोडत."

तीन ठोके आले. मुकादम हातोडी घेऊन वीस पावलांवरच्या दुसऱ्या नळीकडे धावला, तिच्यावर तीन ठोके दिले आणि धापा टाकत परत आला.

"ऐकलंस? उत्तर आलं!"

"ऐकलं. तुम्ही बसा आता."

मग ते सुरूच राहिलं. दर पाच मिनिटांनी तीन ठोके, मुकादमाची धावपळ, तीन ठोके. दुपारी एकदा पाच मिनिटांची आठ झाली. मुकादम नळीला मिठी मारून रडला, अगदी मोठ्याने, वीस फावडी थांबली तरी त्याला भान नव्हतं. तेव्हा खालून ठोके आले. एक. दोन. मग दम घेऊन तिसरा.

ऊन कलायला लागलं तेव्हा फावडी पाइपाच्या तोंडाशी पोचली. अबोल्याला स्ट्रेचरवर वर काढलं. चेहरा सिमेंटसारखा राखाडी, पण डोळे सताड उघडे. डॉक्टर म्हणाले, वाचला. मुकादमाने आभाळाकडे पाहून हात जोडले. आता खरं सांगायला हवं होतं. तो दिवसभराच्या धावपळीने लंगडत स्ट्रेचरच्या बाजूने चालू लागला.

"तुझ्या मेहुण्याचं... मी खोटं बोललो रे. ते ठोके माझेच होते. तू जगावंस म्हणून. तो बहुतेक..."

अबोल्याने त्याचं मनगट धरलं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्याचं डोकं सकाळपासून माझ्या मांडीवर होतं. पण उडी घ्यायचं बोललात तेव्हा तुमचं काही खरं दिसेना, म्हणून वाजवत राहिलो."