मनगटावरची भूक

रजनीताईंच्या पाळीव उंदरीचं, चकलीचं, डोकं आठवडाभर डावीकडे कललेलं होतं. कान आतून पिकलाय की मेंदूत गाठ आहे, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. त्यांनी दोन्हींवर औषध सुरू केलं आणि रजनीताईंच्या मनगटाला एक पट्टी बांधली. चकलीला जे जाणवेल, ते पट्टीतून त्यांनाही जाणवायचं. आजवर नुसती गरगर जाणवली होती, कारण चकलीची भूकच मेली होती आणि तिने अन्न सोडलं होतं.

आज दुपारी मात्र रजनीताईंच्या पोटात कावळे ओरडू लागले.

"सकाळी एवढी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तरी ही संकष्टी झेपेना," त्या कुरकुरल्या.

"पट्टी काढून बघ," जेवता जेवता मधुकरराव म्हणाले.

त्यांनी पट्टी काढली आणि भूक गेली. पुन्हा बांधली, तर पोट पुन्हा खवळलं.

रजनीताईंनी नवऱ्याच्या ताटातला वरणभात उचलून थेट पिंजऱ्यात ठेवला. वाकड्या मानेनेच चकलीने तो सगळा खाल्ला आणि रजनीताईंचं पोट तुडुंब भरलं.

"अहो, माझा उपास मोडला का?"

"गणपती काही बोलायचा नाही," रिकाम्या ताटाकडे बघत मधुकरराव म्हणाले. "उंदीर त्याचाच आहे."