देवाचा डावा गुडघा

“काका, डावा पाय जरा लवकर उचला. देव लंगडतोय,” तंत्रज्ञ काचेमागून म्हणाला.

थोरल्याने पाय लवकर उचलून पाहिला. देव तरीही लंगडला. डावा गुडघा वाकायला कुरकुर करायचा, आणि त्यात साठी जवळ आलेली. अंगाला चिकटलेले काळे कपडे, त्यांवर जागोजागी चमकणारे पांढरे गोळे, हातात स्पंजची गदा. बायकोने फोटो पाहून एवढंच म्हटलं होतं, की वांग्याला बटणं लावल्यासारखं दिसतंय. थोरला हसला नव्हता. हसणं सुटून बरीच वर्षं झाली होती. रडणंही सुटलं होतं, त्यामुळे कुणावर अन्याय झाला नव्हता.

काम व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाचं होतं. भिंतीवरचे कॅमेरे ते पांढरे गोळे टिपायचे आणि संगणक त्या हालचालींवर देवाचं शरीर चढवायचा. पहिल्या भागात आकाशदेवाचे दोन मुलगे सिंहासनासाठी लढले होते. थोरल्या देवाच्या हालचाली थोरल्याच्या, धाकट्या देवाच्या त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाच्या. खोट्या मारामाऱ्या करून पोट भरणारी दोघं भावंडं. खरी मारामारी अशी त्यांनी एकदाच केली, ती तिथे.

शेवटच्या प्रसंगात गेमच्या लेखिकेने एकच वार लिहिला होता. थोरल्याने तीन घातले. नुकतेच वडील गेले होते आणि त्यांच्या सगळ्या आजारपणात धाकटा एकदाही फिरकला नव्हता. धाकट्याचा खांदा निखळला. कंपनीला तिन्ही वार पसंत पडले, तिने तिन्ही ठेवले. तेव्हापासून घरोघरची पोरं बटण दाबून धाकट्याला मारत होती, दर वेळी तीनदा. धाकट्याने बोलणं टाकलं ते टाकलंच.

म्हणून दुसऱ्या भागाचं बोलावणं आलं तेव्हा थोरल्याने एकच अट घातली: धाकटा असेल तर येतो. लेखिकेचा काही दिवसांनी फोन आला, की ते तयार आहेत, पण तुमच्यासमोर उभे राहणार नाहीत. तुमच्या हालचाली एका दिवशी घेऊ, त्यांच्या दुसऱ्या दिवशी. जोडायचं काम संगणकाचं.

“म्हणजे घर एक आणि चुली दोन,” बायको म्हणाली. “बरंय. निदान घर तरी एक.”

मग थोरला एका लोखंडी खांबाशी लढू लागला. खांब धाकट्याच्या उंचीचा होता आणि डोक्याच्या जागी फुटबॉल बसवला होता. बाजूच्या खुंटीवर दुसरा काळा पोशाख लटकत असायचा. धाकटे काका कालच येऊन गेले, असं तंत्रज्ञ सांगायचा. कसा आहे, असं विचारलं की बरे आहेत म्हणायचा आणि आपली दुखरी मान चोळत पडद्यात डोकं घालायचा.

एकदा थोरल्याने घरून मलमाची डबी आणली आणि त्या दुसऱ्या पोशाखाखालच्या फळीवर ठेवून दिली. कुणासाठी ते बोलला नाही. पुढच्या खेपेला झाकण उघडून पाहिलं, तर मलमातून बोट फिरलं होतं. खांदा अजून दुखत असणार. त्या दिवशी घरी त्याने आपण होऊन भात पुन्हा वाढायला सांगितला. बायको डाव हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिली.

शेवटचा प्रसंग आला. धाकटा देव पाताळातून परत आला होता आणि थोरल्याने त्याला पुन्हा मारायचं होतं.

“या वेळी एकच वार हं,” लेखिका म्हणाली.

थोरल्याने गदा उचलली. फुटबॉलकडे पाहिलं. मग गदा खाली ठेवली, डावा पाय ओढत पुढे गेला आणि खांबाला मिठी मारली. फुटबॉल निसटून कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेला. थोरल्याने खांब सोडला नाही. कॅमेरे टिपत राहिले.

“हे त्याला दाखवा,” तो शेवटी म्हणाला. “मग त्याला काय करायचं ते करू दे. मारलं तरी चालेल.”

लेखिकेने मान हलवली आणि कागद आवरायला घेतले.

महिन्याभराने जोडलेला प्रसंग पाहायला त्याला बोलावलं. लेखिका आली नव्हती. खोलीत तंत्रज्ञ एकटाच होता.

पडद्यावर दोन देव लढत होते. धाकटा पूर्वीसारखाच उडत होता, पूर्वीसारखीच गिरकी घेत होता. याचं वय कसं वाढलं नाही, असं थोरल्याच्या मनात येऊन गेलं. मग थोरल्या देवाने गदा खाली ठेवली. धाकट्यानेही ठेवली. थोरला पाय ओढत पुढे आला. धाकटाही पाय ओढत पुढे आला. दोघांचे हात एकाच क्षणी उघडले, आधी कुणाचे नाहीत, मागून कुणाचे नाहीत.

थोरल्याच्या गालावरून काहीतरी ओघळलं. त्याने ते बोटावर घेऊन पाहिलं, दुसऱ्याची वस्तू चुकून आपल्याकडे आल्यासारखं.

“लढताना ठीक होता,” तो खिशातून फोन काढत म्हणाला. “पण शेवटी बघितलंस ना? उजवा पाय ओढतोय. गुडघा गेलाय त्याचा, आणि सांगणार कुणाला? एकाच डॉक्टरकडे जाऊ दोघं.” त्याने नंबर शोधायला घेतला.

तंत्रज्ञाने पडदा बंद केला. त्याच्या मानेला मलमाचा वास येत होता.

“फोन नका लावू, काका. धाकटे काका एकदाही आले नाहीत. लढाई पहिल्या भागातलीच जुनी आहे. तो गुडघा तुमचाच आहे, डावा. आम्ही फक्त आरशासारखा उलटा केला.”