नाकावरचा रुमाल

पिंपरी पेंढारच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सालोमीआजीला जवळचं कुणीच नव्हतं. अंगावरून वारं गेल्यानं ती अंथरुणाला खिळली आणि पडून पडून पाठीला झालेल्या जखमांत पू झाला. शेजारची रूथबाई पावसाळाभर उमासे दाबत त्या जखमा धूत होती. रविवारची उपासना झाल्यावर पाळकसाहेब, त्यांची बायको आणि मंडळीतले चौघंजण आजीकडं आले. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेरूनच प्रार्थना केली. “थकू नका, बाई. आम्ही आहोत,” साहेब म्हणाले. रूथबाईनं पुवानं भरलेलं फडकं त्यांच्यापुढं धरलं. “लई किळस येती, साहेब. आजवर जखमांची येत व्हती, आज तुमची आली.” साहेब मागं सरकले. त्यांच्या बायकोनं रुमाल काढून फडकं घेतलं. ती अंगणात जाऊन ओकली, तोंड आणि फडकं धुऊन परत आली आणि आजीची पाठ पुसू लागली. भिंतीकडं वळलेल्या आजीनं विचारलं, “रूथ, हा दुसरा हात कुणाचा गं?”