करंटवाला मासा

"या एकट्या माशाले चार फुटाची टाकी, अन् आपल्याले दोन खोल्या," मनाली बादली धरून पुटपुटली.

 सासू केसरबाईचा जीव हातातल्या प्लास्टिकच्या डब्यातल्या माशात होता. मासा करंटवाला, शिवला की झटका देणारा. सोबतीला दुसरा सोडला की तो सकाळी उलटा तरंगायचा. म्हणून हा धनी एकटाच, दिवसभर पाइपात दडलेला. टाकी धुवायची म्हणून तिने हीटर बंद केला होता. त्याला अलगद बादलीत सोडलं आणि बादली मोरीत ठेवली.

मासा आणला होता तिच्या नवऱ्याने, दयारामने. धाड गावात लाइनमन म्हणून जन्म गेला. तारेतला करंट सुटला तर गड्याने पाण्यातला घरी आणला. नियमही त्याचेच. आधी हीटरचं बटण बंद, मग कोपरापर्यंत रबरी हातमोजे, मगच पाण्यात हात. पण उन्हाळ्यात लकवा मारून गेला आणि उजवा हात खांद्याला नुसता लोंबकळत राहिला. तेव्हापासून दयारामच्या पायांना थारा नव्हता. दार ते टाकी, टाकी ते दार. जो भेटेल तो विचारी, आज हाताले काही वाटते का? तो नकाराची मान हलवी. मग 'येते, हळूहळू येते' म्हणत सगळे घाईघाईने आपापल्या कामाला लागत.

केसरबाई फडकं घेऊन आली तर दयाराम टाकीशी उभा. डाव्या हाताने उजवा उचलून त्याने पाण्यात सोडला होता, थेट पाइपाजवळ.

"बाबा!" मुलगा प्रसेनजित दारातून धावत आला.

दयाराम हसला. "करंट लागला बे. झिणझिण्या आल्या."

प्रसेनजितने बापाला कवेत घेतलं आणि लगेच बहिणीला फोन लावला. त्याला बोलता बोलता रडू येत होतं. सासूसुनेने एकमेकींकडे पाहिलं. मनालीचं तोंड उघडलं, मिटलं. "बरं झालं, मामाजी," म्हणून ती साखर आणायला आत पळाली.

केसरबाई त्याचा हात पुसत बसली. एकेक बोट. "मी म्हणतच होती न, येते म्हणून," ती म्हणाली.

दयारामने डाव्या हाताने तिचं फडकं थांबवलं.

"बादलीले झाकण लाव, केसर, मासा उडी मारंल," तो हळूच म्हणाला. "अन् पोराले फोन ठेवाले सांग. हात गेला माहा."