मागचं बाकडं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. शाळेच्या व्हॅनमध्ये तुम्ही मागच्या बाकड्यावर बसला आहात आणि पेट्रोलच्या वासानं पोटात ढवळतंय. पाचवीतली कल्याणी वर्षभर तिथंच बसली आणि जवळजवळ रोज ओकली.

"हिला गाडी लागते," असं म्हणून व्हॅनवाले बारकूकाका तिला हुंगायला लिंबू देत. पोरं तिला लिंबूताई म्हणत.

एके दिवशी सकाळी शेजारी बसलेला पहिलीतला अबीरही ओकला. त्याला पुसताना कल्याणी खाली वाकली. बाकड्याखाली एक उघडी नळी होती आणि वास तिच्यातूनच येत होता.

"काका, ही नळी कसली?"

"तिथं पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा होता. हे जादा बाकडं बसवताना आडवा येत होता, म्हणून काढून टाकला. त्याच्यावाचून गाडीचं काय अडतंय?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? आणि वर मलाच लिंबू?"

"लई शहाणी झालीस. गप बस!"

कल्याणीचं डोकं भणभणलं. ह्या वासापायी तिनं सहल सोडली होती, 'शाळा बुडवायची नाटकं' म्हणून आईची बोलणी खाल्ली होती.

शाळेच्या फाटकाशी सगळी मुलं उतरली. काका ओरडले, "उतर की!"

"नाही उतरणार. मोठ्या बाईंनी आधी इथं माझ्या शेजारी बसायचं, दार लावून एक फेरी मारायची. मगच उतरेन."

काकांनी तिचा दंड धरला. कल्याणीनं दोन्ही हातांनी बाकडं घट्ट पकडलं आणि बाईंना गळा फाडून हाक मारली.