एकेचाळीस नंबरचा फॉर्म

"हा प्रश्न काढून टाक," खानावळवाल्या काकू म्हणाल्या. हात बटाटे सोलण्यात गुंतले होते, नजर मात्र समोर बसलेल्या मुलीच्या प्रश्नावलीवर होती.

"का? सरांनी पास केलाय."

"तुम्ही वेळेवर जेवता का, असं विचारलंस तर सगळे हो म्हणणार. आपली लाज आपल्याच हाताने कोण लिहून देतं? काल दिवसभरात काय काय खाल्लं, ते विचार. आणि नाव लिहायला सांगू नकोस."

मुलीने तिथल्या तिथे प्रश्न खोडला आणि नवा लिहिला.

ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या मागच्या गल्लीतली खाण्याची छोटी दुकानं आणि विद्यार्थ्यांचं रोजचं आयुष्य, असा तिचा प्रकल्प होता. तीन आठवडे ती रोज दुपारी काकूंकडच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर ठाण मांडून बसत होती. कोण येतं, काय घेतं, एकटं खातं की घोळक्यात, सगळं वहीत उतरत होतं. गिऱ्हाइकांनी तिचं नावच 'प्रश्नावली' पाडलं होतं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं.

काकूंबद्दलही तिने चार पानं भरली होती. दार साडेदहाला उघडतं. भाज्या चिरायला जाऊबाई आधी येतात. दीडच्या गर्दीत काकू एकाला वाढतात, दुसऱ्याला दटावतात आणि तिसऱ्याच्या सर्दीची चौकशी करतात. एकदा तिने विचारलं होतं, "सकाळी येऊ का? निवांत बोलता येईल."

"सकाळी नको. मला काम असतं."

'सकाळी: बाजार' असं तिने वहीत लिहून टाकलं होतं.

एकशे ऐंशी फॉर्म भरून आले. बदललेल्या प्रश्नाने कमाल केली. दर चौघांत एकाने आदल्या दिवशी एकदाच पोटभर खाल्लं होतं. आकडे पाहून सर खुर्चीत सरळ बसले. "हा प्रश्न सुचला कसा तुला?"

"मला नाही सुचला. खानावळवाल्या काकूंना सुचला."

पण तिच्या डोक्यातून जात नव्हता तो एकेचाळीस नंबरचा फॉर्म. त्यावर लिहिलं होतं, 'सकाळी चहा. दुपारी चहा. रात्री जे उरलं ते.' आणि शेवटच्या मोकळ्या जागेत, 'बोलणारे पुष्कळ आहेत. जेवलात का, असं विचारणारं कुणी नाही.'

तिने तो काकूंना वाचून दाखवला. काकूंनी सोललेला बटाटा पाण्यात टाकला आणि दुसरा उचलला.

"मी याला शोधणार," मुलगी म्हणाली. "तीस ते साठ नंबरचे फॉर्म सकाळच्या वर्गात तिथल्या बाईंनी वाटले होते. सात ते नऊ कॉलेज, पुढे दिवसभर नोकरी. घरापासून लांब राहत असणार. आणि मुलगाच आहे. मुली इतकं तुटक लिहीत नाहीत."

"असं तुझं शास्त्र सांगतं?"

"अंदाज आहे. पण माझे अंदाज सहसा चुकत नाहीत."

"सापडला तर काय करशील?"

"जेवायला घालीन. म्हणजे, तुम्ही घालाल."

काकू हसल्या. मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "नाव विचारणार नाही असं म्हणालीस, म्हणून त्या माणसाने खरं लिहिलं. आता त्याच्याच मागे लागणार? उद्या कोण खरं सांगेल तुला?"

हे मुलीच्या लक्षात यायला हवं होतं, आणि आलं नव्हतं. तिने वहीच्या कोपऱ्यावर रेघोट्या ओढल्या. मग मान वर केली.

"नाही शोधत. वर्गात जाऊन निष्कर्ष वाचून दाखवते. त्यांच्याकडून माहिती घेतली, तिचं पुढे काय झालं, हे कळायचा त्यांचा हक्कच आहे. आणि शेवटी सगळ्यांनाच सांगते, मी रोज तीन वाजता इथे तुमच्याकडे जेवायला बसते. ज्याला सोबत हवी त्याने यावं. मी काही विचारणार नाही."

"हे बरंय," काकू म्हणाल्या. "कधी जातेस?"

"उद्याच. सव्वासातला."

"उद्याच," काकू म्हणाल्या आणि सुरी पुन्हा हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी तिला दहा मिनिटं दिली. वर्गात तीसेक जण होते. निम्म्यांचे डोळे अजून मिटत होते. सवयीप्रमाणे तिने कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. आकडे ऐकताना बाकांवरची कुजबुज थांबली. हळूहळू सगळे जागे झाले.

"तुमच्यातल्या एका फॉर्ममुळे मला या कामाचा अर्थ कळला," ती म्हणाली. "तो कुणाचा आहे, हे मी विचारणार नाही. पण ज्याने लिहिलाय त्याच्यासाठी माझा एकच प्रश्न आहे. जेवलात का? मी रोज तीन वाजता मागच्या गल्लीतल्या खानावळीत जेवायला बसते. समोरची खुर्ची रिकामी असते. या."

कुणी हसलं नाही. तिने कागदाची घडी घातली आणि पहिल्यांदाच वर्गाकडे नीट पाहिलं.

खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावरून एक हात वर झाला. चष्मा लावलेल्या खानावळवाल्या काकू वही मिटून उभ्या राहिल्या.

"तीनला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "तेव्हा माझी भांडी असतात. चारला चालेल का?"