गुडघ्याचे पट्टे

उदारीकरणात देशानं साऱ्या जगासाठी दारं उघडली. वारज्याच्या पोपटरावांनीही घराचं दार उघडलं, मुलगी बघायला येणाऱ्यांसाठी.

त्यांची कल्याणी खो-खोत जिल्ह्याकडून खेळायची. गुडघे जपावेत म्हणून प्रशिक्षक बाईंनी तिला पट्टे दिले होते. अंतिम सामन्याला स्थळाकडची मंडळी येणार, म्हणून पोपटरावांनी ते मैदानातच काढायला लावले.

"पट्टा दिसला की लोक म्हणणार, पोरीच्या पायात खोट आहे."

"बाबा, खोट येऊ नये म्हणूनच घालतात ते!"

"मग लग्न झाल्यावर घाल."

त्याच सामन्यात खांबाला वळताना तिचा गुडघा गेला. खेळ गेला, स्थळही गेलं. पाय ओढत चालणं तेवढं राहिलं.

वर्षभरानं दुसरं स्थळ आलं. मुलगा हडपसरला आयटीत, मानेला हा रुंद पट्टा.

"दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो ना!" त्याची आई अभिमानानं म्हणाली. पोपटरावांनी कौतुकानं मान डोलावली. कल्याणीला त्यांनी आधीच खुर्चीत बसवून ठेवलं होतं.

पोहे संपले. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली.

"बाळ, जरा त्या दारापर्यंत चालून दाखवतेस?"